‘इको’ टाकायचा किती? रिव्हर्ब आणि डिले, सोप्या भाषेत

आषाढी जवळ आली की, आणि पुढे गणपतीच्या तोंडावर, घरी ध्वनिमुद्रित केलेले अभंग आणि आरत्या यूट्यूबवर एकामागून एक येऊ लागतात. गळे तयार असतात, मायक्रोफोनही आता बरे मिळतात. तरी बऱ्याच गाण्यांत शब्द कळत नाहीत, डग्गा सगळीकडे घुमतो आणि गायक पेटीवाल्याच्याही मागे बसलाय असं वाटतं. दोष बहुतेक वेळा एकाच बटणाचा असतो. मंडळाच्या मिक्सरवर त्याला ‘इको’ म्हणतात, कराओके ॲपमध्ये ‘स्टुडिओ’ किंवा ‘हॉल’ म्हणतात, आणि ‘जरा जास्त टाकला की गोड लागतं’ या हिशेबाने ते सगळीकडे फिरवलं जातं.

या बटणाने मुख्यतः बदलतं ते गायकाचं ऐकणाऱ्यापासूनचं अंतर. गायक कानाशी बसून गातोय, दहा फुटांवर बसलाय की देवळाच्या सभामंडपाच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे, हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता बटण फिरवलं की गायक आपोआप लांब जातो. आवाज ‘मोठा’ झाल्याचा भास होतो, पण जवळीक जाते. आणि अभंगात काय किंवा भावगीतात काय, सगळा खेळ जवळिकीचा असतो.

## भिंती नेमकं काय करतात

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तेवढ्या वेळात आवाज साधारण ३४ सेंटिमीटर पुढे सरकतो, फुटाहून थोडं जास्त. हे एवढं एक माप लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं गणित तोंडी करता येतं.

खोलीत कुणी गायलं की आवाज तीन टप्प्यांत आपल्याकडे पोचतो. आधी गळ्यापासून कानापर्यंत सरळ आलेला. मग जवळच्या भिंतीवर, जमिनीवर, छतावर एकदाच आपटून आलेल्या मोजक्या प्रती. आणि शेवटी अनेकदा आपटलेल्या हजारो प्रतींचा दाट गुंता, जो हळूहळू विरतो. कॅरमचा स्ट्रायकर कडेवरून कडेवर जाताना दर धडकेला थोडा मंदावतो, तसंच इथेही. फरक इतकाच की आवाज एकाच वेळी सगळ्या दिशांना सुटलेला असतो आणि कडा काचेच्या आहेत की गादीच्या, यावर तो किती धडका टिकेल हे ठरतं. या विरत जाणाऱ्या गुंत्याला रिव्हर्ब म्हणतात. त्याच्या शेवटच्या भागाला या लेखात ‘शेपूट’ म्हणू.

शेपूट किती लांब हे मोजायचं माप ठरलेलं आहे: आवाज बंद झाल्यापासून तो ६० डेसिबलने उतरेपर्यंत लागणारा वेळ. या शास्त्राचा पाया वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने घातला. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचा एक शब्दही कळेना, कारण प्रत्येक शब्द साडेपाच सेकंद घुमत होता. सबाइनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक करून मांडल्या आणि शेपूट किती आखूड होते ते घड्याळ लावून मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरलं जातं: जागा जितकी मोठी तितकी शेपूट लांब, आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितकी ती आखूड.

अंतराचा अंदाज मात्र कान शेपटीच्या लांबीवरून घेत नाही. तो दोन गोष्टी पाहतो. सरळ आलेला आवाज घुमणाऱ्या आवाजापेक्षा किती मोठा आहे, ही पहिली. सरळ आवाज आणि पहिली आपटलेली प्रत यांत किती वेळ गेला, ही दुसरी. गायक जवळ असेल तर सरळ आवाज लगेच येतो आणि भिंतीची प्रत बरीच मागून येते. गायक लांब, भिंतीला टेकून उभा असेल तर दोन्ही जवळजवळ बरोबरच पोचतात. मिक्सिंगमधल्या सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित बटणाचं, म्हणजे प्री-डिलेचं, मर्म इथेच आहे. सरळ आवाजानंतर रिव्हर्ब किती मिलिसेकंद थांबून सुरू व्हावा, हे ते बटण ठरवतं.

## मग डिले वेगळा कसा

डिले म्हणजे मूळ आवाजाची मोजून उशिरा आलेली, सुटी ओळखता येणारी प्रत. रिव्हर्बमध्ये हजारो प्रती एकमेकींत मिसळलेल्या असतात, डिलेमध्ये एक, दोन किंवा चार.

प्रत किती उशिरा येते यावर ती कशी ऐकू येते हे ठरतं. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिलं की साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेली प्रत कानाला वेगळी कळत नाही; ती मूळ आवाजात मिसळून त्याला भरदार करते आणि आवाज जिथून आधी आला तिथूनच येतोय असं वाटतं. बोलण्यात ५० मिलिसेकंदांच्या पुढे प्रत सुटी पडू लागते. शंभराच्या पुढे ती स्पष्ट प्रतिध्वनी होते. शाळेच्या सहलीत विजापूरला गेलेल्यांना गोलघुमट आठवत असेल. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. सज्जात टाळी वाजवली तर समोरच्या भिंतीला आपटून परत यायला आवाजाला ७६ मीटर चालावं लागतं, म्हणजे जवळपास २२० मिलिसेकंद. त्यामुळे तिथे टाळी मोजता येते. त्याच वेळी खाली सगळं घुमतही असतं. डिले आणि रिव्हर्ब दोन्ही एका छताखाली.

मंडळाच्या मिक्सरवरचा ‘इको’ कधी डिले असतो, कधी रिव्हर्ब, कधी दोन्हींचं मिश्रण. म्हणून त्यावरचा क्रमांक बदलला की परिणाम अचानक पालटतो.

## प्लेट, चेंबर, स्प्रिंग ही नावं आली कुठून

प्लगइन (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं साधन) उघडलं की ही नावं समोर येतात आणि नवखा माणूस गोंधळतो. ती सगळी खऱ्या वस्तूंची नावं आहेत. १९४७ मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रण अभियंते बिल पुटनम यांनी स्टुडिओच्या स्वच्छतागृहात स्पीकर आणि मायक्रोफोन ठेवून गाण्याला घुमारा दिला. कडक फरशीच्या अशा रिकाम्या खोलीला चेंबर म्हणतात. हॉलिवूडमध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या गोल इमारतीखाली यासाठी जमिनीत खोल्याच बांधल्या आहेत. १९५७ मध्ये ईएमटी या जर्मन कंपनीने खोलीऐवजी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगला आणि तो आवाजाने थरथरवला. ही प्लेट. वजन पाव टनाहून जास्त. स्प्रिंग हे तिचं स्वस्त आणि हलकं भावंड, गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये बसणारं. पूर्ण डिजिटल रिव्हर्ब बाजारात आला १९७६ मध्ये, तोही ईएमटीचाच.

डिले टेपमधून आला. टेप रेकॉर्डरमध्ये मुद्रण करणारं हेड आणि ऐकवणारं हेड यांत थोडं अंतर असतं. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि हेडांत २ इंचांचं अंतर असेल तर प्रत १३३ मिलिसेकंद उशिरा येते. टेपचा वेग निम्मा केला की २६७. प्रत पुन्हा मुद्रणाकडे पाठवली की तिची प्रत, मग तिची प्रत. या परत पाठवण्याला फीडबॅक म्हणतात. टेपवर दर प्रत थोडी मळकट होते, वरचे तेज स्वर झिजतात. म्हणूनच ती मूळ आवाजाच्या अंगावर येत नाही. आजच्या प्लगइनमध्ये ‘टेप’ निवडलं की हीच झीज मुद्दाम घातली जाते.

गायनासाठी प्लेट बहुधा चांगली बसते. पत्र्याला भिंती नसल्यामुळे ‘ही भिंत इथे, ती तिथे’ अशी सूचना कानाला मिळत नाही. शेपूट क्षणात दाट होते. आवाजाला ओल मिळते, पण गायक फारसा मागे जात नाही. ‘हॉल’ निवडला की तो लगेच मागे जातो. बहुतेक प्लगइन आधी हॉलच उघडतात, आणि बहुतेक लोक तोच ठेवतात!

## जोडणी चुकली तर पुढचं सगळं चुकतं

रिव्हर्ब थेट गायनाच्या ट्रॅकवर बसवू नये. वेगळा ट्रॅक करावा (त्याला बस म्हणतात), त्यावर प्लगइन ठेवावं आणि गायनाच्या ट्रॅकमधून त्याकडे सेंड काढावा. सेंड म्हणजे आवाजाचा एक फाटा. कोरडा आवाज आपल्या वाटेने जातो, फाटा रिव्हर्बकडे जातो. यामुळे एकच रिव्हर्ब सगळ्यांना कमीजास्त देता येतो, सगळे एकाच जागेत बसल्यासारखे वाटतात आणि रिव्हर्बच्या आवाजावर स्वतंत्र फिल्टर लावता येतात.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली: बसवरच्या प्लगइनमध्ये ‘ड्राय’ (कोरडा आवाज) शून्य आणि ‘वेट’ (नुसता घुमारा) पूर्ण न करणं. मग सेंड वाढवला की कोरड्या आवाजाचीही दुसरी प्रत येते, गायन नुसतं मोठं होतं आणि ‘रिव्हर्बने किती छान झालं’ असा समज होतो. दुसरी: सेंड फेडरच्या (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या बटणाच्या) आधीचा ठेवणं. मग गायनाचा फेडर खाली आणला तरी शेपूट तिथेच राहते, गायक नाही पण त्याचा घुमारा आहे.

## एका अभंगाची मांडणी

समजा घरी मुद्रित केलेला मध्य लयीतला अभंग आहे: एक मुख्य आवाज, पेटी, तबला, टाळ, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मागे धरणारे तिघे-चौघे.

मुख्य आवाजाला प्लेट. शेपूट १.४ सेकंद, प्री-डिले ३० मिलिसेकंद. त्या तीस मिलिसेकंदांत ‘ट’, ‘ठ’, ‘क’ यांचा आघात कोरडाच कानावर पडतो आणि घुमारा स्वर सुरू झाल्यावर येतो. प्री-डिले शून्यावर आणून पाहा. आवाजाची पातळी तीच असूनही शब्द अंधूक होतात. लय संथ असेल तर ५० पर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे घुमारा आवाजापासून तुटलेला वाटायला लागतो.

मग बसवर, प्लगइनच्या आधी, दोन फिल्टर: ३०० हर्ट्‌झच्या खालचं काढायचं, ७,००० च्या वरचं काढायचं. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत चेंबर आणि प्लेटकडे जाणारा आवाज असाच, सुमारे ६०० हर्ट्‌झच्या खाली आणि १०,००० च्या वर छाटून पाठवत. खालचे स्वर घुमले की पेटीचा खर्ज, डग्गा आणि तानपुरा यांच्या जागेत गाळ साचतो. वरचे घुमले की ‘स’, ‘श’ आणि ‘चांगलं’मधला ‘च’ फुसफुसत राहतो. तरी फुसफुस उरली तर सेंडवर डी-एसर लावावा. स-श-च च्या तेज पट्टीलाच दाबणारं हे साधन आहे, ५,००० ते ८,००० हर्ट्‌झच्या आसपास.

मागे धरणाऱ्यांना तोच रिव्हर्ब जास्त द्यायचा. त्यांच्यासाठी वेगळी बस केली तर प्री-डिले शून्य ते दहाच ठेवायचा. ते आपोआप मुख्य गायकाच्या मागे जाऊन बसतात. आवाज कमी करण्यापेक्षा हा उपाय बरा, कारण कोरस भरदारही राहतो.

तबल्याची चाट आणि शाई यांना छोट्या खोलीचा, अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा रिव्हर्ब चालतो. डग्ग्याला अजिबात नाही. दोघांवर मिळून एकच माइक असेल तर सेंडवर ४०० हर्ट्‌झच्या खालचं काढलं की काम भागतं. टाळाला काही देऊ नये. टाळ स्वतःच पुरेसा वाजतो, त्यात त्याच्या तेज नादाला शेपूट लावली की सगळ्या गाण्यावर पत्र्याची चरचर पसरते. पेटीला मुख्य रिव्हर्बचा थोडासा अंश, आणि तानपुऱ्याला शून्य. तानपुरा मुळातच अखंड आहे. अखंड आवाजाला शेपूट लावून काही मिळत नाही, नुसता धूसरपणा वाढतो.

प्रमाण कसं ठरवायचं? सगळी वाद्यं चालू ठेवून सेंड हळूहळू वाढवा. रिव्हर्ब स्पष्ट ऐकू आला की २ ते ३ डेसिबल मागे या. मग बस बंद करून पाहा: गाणं उघडं पडल्यासारखं वाटलं पाहिजे. चालू असताना मात्र त्याकडे लक्ष जाऊ नये. हे काम गायनाचा ट्रॅक एकटा ऐकत कधीच करू नये. एकट्यात थोडाही रिव्हर्ब खूप वाटतो, आणि तानपुरा-पेटी चालू झाली की तो त्यांच्याखाली बुडतो. उलट, तानपुरा अचानक थांबतो त्या जागी, म्हणजे शेवटच्या ओळीला, बुडालेला रिव्हर्ब एकदम वर येतो. तिथे सेंड हाताने खाली ओढावा लागतो. आणखी एक: कान रिव्हर्बला पंधरा-वीस मिनिटांत सरावतो आणि जास्त मागू लागतो. सकाळी ताज्या कानाने ऐकलं की रात्रीची हौस कळते.

## तानांचं काय?

शास्त्रीय किंवा नाट्यसंगीताच्या अंगाने गाणाऱ्यांसाठी हा मुद्दा वेगळा काढायला हवा. समजा द्रुत तान सेकंदाला आठ स्वरांनी चालली आहे. प्रत्येक स्वर १२५ मिलिसेकंदांचा. शेपूट २ सेकंदांची असेल तर ती सेकंदाला ३० डेसिबल उतरते, म्हणजे पुढचा स्वर लागेपर्यंत आधीच्या स्वराची शेपूट चार डेसिबलही उतरलेली नसते. कोमल रिषभ अजून वाजतोय आणि त्यावर षड्ज आला. कुठल्याही क्षणी आधीचे अनेक स्वर एकमेकांवर चढलेले असतात. पाश्चात्त्य संगीतात ते कधी कधी सुरावटीच्या जुळणीत खपून जातं. रागात खपत नाही. शिवाय मींड घेताना गायक दोन स्वरांमधल्या ज्या जागा दाखवतो, त्याच पुसल्या जातात. अशा गायनाला शेपूट एका सेकंदाच्या आत ठेवावी, किंवा आलापाला लांब आणि तानेला आखूड असे दोन रिव्हर्ब ठेवून सेंड एकावरून दुसऱ्यावर न्यावा.

‘पण इकोने बेसूरपणा झाकला जातो ना?’ अर्धवट खरं आहे. स्वराची बारीक थरथर शेपटीत मिसळते आणि जाणवत नाही. ठेहराव चुकला असेल तर मात्र तो चुकीचा स्वर आणखी दीड-दोन सेकंद टिकतो, आणि गायकाने पुढचा स्वर अचूक लावला तरी त्याच्याशी भांडत राहतो.

## डिलेचं गणित आणि ठेक्याची अडचण

गायक पुढेच राहावा आणि तरी आवाजाला विस्तार मिळावा, असं हवं असेल तर रिव्हर्ब कमी करून डिले वापरावा. सुटी प्रत कानाला ‘इथे मोठी जागा आहे’ असं सांगते, पण कोरडा आवाज झाकत नाही.

हिशेब सोपा आहे. ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा. ९० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंद, अर्धी ३३३, पाऊण ५००. अर्ध्या मात्रेची प्रत ठेक्याखाली लपते. पाऊण मात्रेची आघातांच्या मधल्या पोकळीत पडते, म्हणून ती ऐकू येते आणि झुलल्यासारखी लागते. फीडबॅक २५ टक्के ठेवला तर दर प्रत आधीच्या प्रतीपेक्षा १२ डेसिबल खाली येते. दोन प्रती ऐकू येतात, तिसरी विरते. ५० टक्क्यांवर दर प्रत फक्त ६ डेसिबल उतरते आणि ढीग व्हायला लागतो. १०० टक्क्यांवर ती थांबतच नाही.

परदेशी शिकवण्या इथे थांबतात, कारण त्यांची गाणी ठरलेल्या ठोक्यावर मुद्रित झालेली असतात. आपल्याकडे तबलजी समोर बसून वाजवत असेल तर लय चढते. भजनी ठेका ९० वर सुरू झाला आणि शेवटी १०४ वर पोचला, तर पाऊण मात्रा ५०० वरून ४३३ वर आलेली असते. सुरुवातीला बसवलेली प्रत शेवटी ६७ मिलिसेकंद उशिरा पडते. डिले ठेक्यात अडखळतोय हे कुणालाही जाणवतं, कारण मात्र कळत नाही. उपाय दोन. प्रत्येक अंतऱ्याला टॅप करून नवी लय मोजावी आणि डिलेचा वेळ तिथे बदलावा. किंवा लयीशी नातं नसलेला, ९० ते १३० मिलिसेकंदांचा एकच आखूड ठोका ठेवावा, फीडबॅक शून्य. दुसऱ्यात कष्ट कमी आणि भजनाला तो शोभतोही.

डिलेची प्रत पुढच्या शब्दावर चढत असेल तर तिच्या बसवर कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन) लावून त्याला गायनाचा इशारा द्यावा (याला साइडचेन म्हणतात). गायक गात असताना प्रत ४ ते ६ डेसिबल दबते, तो थांबला की वर येते. आणखी साधी युक्ती म्हणजे सेंड कायम बंद ठेवून फक्त ओळीच्या शेवटच्या अक्षरापुरता उघडणं. अंतरा संपताना एकदा केलं तर सुंदर. दर ओळीला केलं तर दोन मिनिटांत कंटाळा येतो.

## ‘मोबाइलवर ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?’

पडतो, आणि उलट बाजूने. मोबाइलच्या स्पीकरमध्ये डावं-उजवं जवळजवळ एकत्र होतं. आवाज रुंद करायला एका बाजूला ५ ते २० मिलिसेकंदांचा डिले देण्याची एक युक्ती लोकप्रिय आहे. हेडफोनवर ती झकास वाटते. दोन्ही बाजू एकत्र आल्या की मूळ आणि प्रत काही स्वरांवर एकमेकांना पुसतात आणि आवाज पोकळ, पत्र्याच्या नळीतून आल्यागत होतो. मुख्य गायनावर ही युक्ती वापरू नये. गाणं संपवण्याआधी तयार झालेलं मिश्रण एकदा मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र, करून ऐकावं.

फाइल काढतानाचा एक हमखास घोळ: गायन जिथे संपतं तिथेच निर्यातीची सीमा असते आणि शेपूट चाकूने कापल्यासारखी तुटते. शेवटी तीन-चार सेकंद मोकळे सोडा.

## खोलीच घुमते, मग वेगळा रिव्हर्ब कशाला?

कारण तो खोलीचा रिव्हर्ब तुम्ही निवडलेला नसतो. दहा बाय बाराची फरशी घातलेली, सामान नसलेली खोली सेकंदभर सहज घुमते, आणि तिच्या भिंती जवळ असल्यामुळे प्रती दहा-पंधरा मिलिसेकंदांतच परत येतात. कानाला लगेच कळतं: छोटी, उघडी खोली. त्यावर कितीही महागडा हॉल चढवला तरी खालची खोली दिसतच राहते.

माइकपासून तोंड एक वीत, पंधरा-वीस सेंटिमीटर. गायकाच्या पाठीमागे जाड रजई किंवा गादी उभी करावी. माइक गायकाकडे तोंड करून असतो, म्हणजे गायकामागची भिंतच माइकला सर्वांत जास्त ऐकू येते. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट उत्तम. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उद्योग करू नये. पातळ पुठ्ठा फक्त वरचे थोडे स्वर शोषतो, घुमणारे मधले-खालचे तसेच राहतात.

घुमारा काढून टाकणारी प्लगइनं आता मिळतात आणि ती पूर्वीपेक्षा खूप सुधारली आहेत. हलक्या हाताने वापरली तर उपयोगी पडतात. जोर लावला की आवाज पाणचट होतो आणि स-श-च ची टोकं खाल्ली जातात.

गाताना कानात थोडा रिव्हर्ब हवा, हा गायकांचा आग्रह मात्र रास्त आहे. कोरडा आवाज ऐकत गायला लागलं की माणूस जोर लावतो. हेडफोनमध्ये रिव्हर्ब द्यावा, ट्रॅकवर मुद्रित करू नये.

## मंडपात आणि मंगल कार्यालयात

इथे सभागृह स्वतःच रिव्हर्ब देत असतं. फरशी, उघड्या भिंती, उंच छत. रिकामं असताना दोन सेकंदांहून जास्त घुमणारी कार्यालयं सर्रास आढळतात. माणसं बसली की शेपूट आखूड होते, म्हणून दुपारी साउंड चेक करताना बसवलेला इको संध्याकाळी पुन्हा पाहावा लागतो. निवेदन सुरू होण्याआधी इफेक्ट बंद. बहुतेक मिक्सरवर त्यासाठी वेगळं म्यूट बटण असतं, आणि बहुतेक कार्यक्रमांत ते कुणी दाबत नाही. गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या समोरच्या स्पीकरमध्ये, म्हणजे मॉनिटरमध्ये, इको पाठवला की शीळ लवकर सुटते. तिथे द्यायचाच तर अगदी कमी.

मोठ्या मंडपात मागे स्पीकरची दुसरी जोडी लावली असेल तर डिले लागतो तो सजावटीसाठी नाही. मागची जोडी मंचापासून ३० मीटरवर असेल तर मंचावरचा आवाज तिथे पोचायला ८७ मिलिसेकंद लागतात, पण तारेतून तो मागच्या स्पीकरला क्षणात मिळतो. मागे बसलेल्याला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मागच्या जोडीला तेवढाच डिले द्यावा आणि वर १० ते १५ मिलिसेकंद जास्त, म्हणजे एकूण १०० च्या आसपास. मंचाचा आवाज किंचित आधी पोचल्यामुळे, हासने दाखवल्याप्रमाणे, मागच्या रांगेतल्या माणसाला गाणं डोक्यावरच्या स्पीकरमधून न येता समोरून येतंय असं वाटतं. मागच्या स्पीकरचा आवाज फार चढवला मात्र, की हा परिणाम मोडतो.